कार्ड पोचलं, भेट टळली

व्हिक्टोरियन काळातल्या लंडनमध्ये दोन खानदानी घरांचे संबंध वर्षानुवर्षं सुरळीत चालत आणि तरीही त्या घरांतल्या बायकांवर एकमेकींशी बोलायची वेळ फारशी येत नसे. दुपारी तीननंतर बग्गी दारात थांबे. बाई आत बसूनच राही. तिचा नोकर उतरून दार वाजवी, आतला नोकर मालकीणबाई घरी नसल्याचं सांगे, पुठ्ठ्याचे तीन छोटे तुकडे त्याच्या हाती दिले जात आणि बग्गी पुढच्या दाराकडे वळे. तीनच का, तर विवाहित स्त्रीनं स्वतःचं एक कार्ड घरच्या बाईसाठी ठेवायचं आणि नवऱ्याची दोन ठेवायची, एक त्या बाईसाठी आणि एक तिच्या यजमानांसाठी. स्वतःचं कार्ड परपुरुषाच्या नावे ठेवणं तिला शोभलं नसतं. नवरोजी त्या वेळी कचेरीत किंवा क्लबात असत. आपण आज कोणाकोणाकडे जाऊन आलो हे त्यांना रात्री जेवताना कळलं तर कळे. आठवड्याभरात समोरची बग्गी उलट दिशेनं येई, तिकडचीही तीन कार्डं इकडच्या तबकात पडत आणि हिशेब चुकता होई. जुन्या भेटकार्डांवर आज जे काही लिहिलं जातं, त्यात या कार्डांना माणसं एकमेकांकडे आवर्जून जात-येत त्या सुसंस्कृत जमान्याची आठवण म्हणून कुरवाळलं जातं. मला ते पटत नाही. भेट लांबवायची, मोजूनमापून द्यायची आणि वेळ आलीच तर सभ्यपणे नाकारायची, या कामांसाठी घडवलेलं ते साधन होतं. हे एकदा मान्य केलं की संग्राहक आज या कार्डांची किंमत ज्या कसोट्यांवर ठरवतात, त्यांचाही फेरविचार करावा लागतो.

नाव लिहिलेला तुकडा आत पाठवायचा आणि बोलावणं येण्याची वाट पाहायची, ही रीत युरोपनं शोधलेली नाही. चीनमधल्या आन्हुई प्रांतात मा'आनशान इथं १९८४ साली तिसऱ्या शतकातल्या झू रान या सेनापतीची कबर उघडली गेली, तेव्हा तिच्यात लाकडी नामपट्ट्या मिळाल्या. त्यांच्यावर त्याचं नाव, गाव आणि समोरच्याची खुशाली विचारणारा नम्र मजकूर शाईनं लिहिलेला आहे. युरोपातली कहाणी त्यामानानं अलीकडची. अठराव्या शतकात फ्रान्स-इंग्लंडमधले शौकीन लोक पत्त्यांच्या कॅटमधल्या पानांच्या कोऱ्या पाठींवर नाव नाहीतर दोन ओळींचा निरोप लिहून धाडत. त्या काळी पत्त्यांच्या पाठी कोऱ्याच असत आणि एखादं पान हरवलेला कॅट खेळायला निरुपयोगी होई. जुगारी घरांत असे पुठ्ठे पडलेलेच असत. विल्यम होगार्थनं १७४३च्या सुमारास रंगवलेली 'मॅरेज आ-ला-मोद' ही सहा चित्रांची मालिका लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. तिच्या चौथ्या चित्रात सरदारीणबाईंच्या शृंगारगृहाच्या जमिनीवर अशी निरोपाची कार्डं विखुरलेली दिसतात. एकावर कुणा काउंटनं अमुक बाईसाहेबांना रात्री झोप कशी लागली याची चौकशी केली आहे, तीही शुद्धलेखनाचे धिंडवडे काढून. होगार्थ टोमणा मारतोय हे उघडच आहे. पण चित्रकारानं टर उडवावी इतकी ही रीत तेव्हाच रुळली होती, हेही त्यातून कळतं.

एकोणिसाव्या शतकात या तुकड्याला शिस्त आली. खानदानी कार्ड छापलेलं चालत नसे, ते कोरलेलं लागे. तांब्याच्या पत्र्यावर कारागीर अणकुचीदार छिन्नीनं नाव उलटं कोरी, खाचांत शाई भरून वरचा पत्रा लख्ख पुसला जाई आणि ओलसर केलेला पुठ्ठा त्यावर जबर दाबानं दाबला जाई. खाचेतली शाई पुठ्ठ्यावर उठून येई, इतकी की डोळे मिटून बोट फिरवलं तरी अक्षरं हाताला लागावीत. पत्रा गिऱ्हाइकाच्या मालकीचा. पुन्हा शंभर कार्डं हवी झाली की तोच काढायचा. मजकूर मात्र कंजूसपणे बेतलेला असे. मधोमध नाव. पुरुषाच्या कार्डावर एका कोपऱ्यात घराचा पत्ता आणि दुसऱ्यात क्लबाचं नाव. बाईच्या कार्डावर पत्ता आणि फार तर ती लोकांना भेटायला घरी असते तो वार. लग्न न झालेल्या मुलींची नावं आईच्या नावाखाली. पुरुषाचं कार्ड लहान नि पातळ, बाईचं मोठं. व्यवसाय लिहिणं म्हणजे दुकानदारी झाली. आपण कोण हे ज्याला कार्डावर छापून सांगावं लागतं त्यानं ते न सांगितलेलंच बरं, अशी एकूण समजूत होती.

ज्या साधनावर सांगण्यासारखं जवळजवळ काहीच छापायचं नाही, त्यातून इतकं सगळं सांगितलं कसं जाई? उत्तर कार्डाच्या हाताळणीत आहे. कोपरा दुमडलेला असेल तर कार्ड मालकानं स्वतः दारापर्यंत येऊन दिलं. दुमडलेला नसेल तर नोकराकरवी पाठवलं. खालच्या बाजूला पेन्सिलीनं फ्रेंच आद्याक्षरं लिहायची: पे-पे-से म्हणजे गाव सोडतो आहे, निरोप घ्यायला आलो होतो, पे-से म्हणजे तुमच्या दुःखात सहभागी आहोत, पे-एर म्हणजे आभार. घरात मृत्यू झाला की कार्डाला काळी किनार येई आणि जसजसे महिने उलटत तसतशी ती अरुंद होत जाई. अमेरिकी शिष्टाचार-पुस्तकांनी तर चार कोपऱ्यांना चार अर्थ वाटून दिले होते: एक भेटीचा, एक अभिनंदनाचा, एक निरोपाचा, एक सांत्वनाचा. कोणता कोपरा कशासाठी यावर मात्र पुस्तकापुस्तकांत एकवाक्यता नाही. हे मतभेद मला फार बोलके वाटतात. नियम सर्वांना पाठ असते तर इतकी पुस्तकं खपलीच नसती. ती विकत घेणारा वर्ग नुकताच पैशात आलेला होता आणि चुकीचा कोपरा दुमडला तर आपण उघडे पडू या धास्तीत होता. जन्मजात उमराव अशी पुस्तकं कशाला उघडून पाहतील!

आपल्याकडच्या घरांत आहेराची वही असते. कोणी काय दिलं ते टिपून ठेवायचं आणि त्यांच्याकडच्या कार्याला तेवढंच परत करायचं. भेटकार्डाचं तबक ही तशीच वही होती. कार्डाला कार्ड हे झालं मुद्दल. कार्डाच्या बदल्यात समोरची बाई स्वतः भेटायला आली तर संबंध एक पायरी वर चढला. भेटीच्या बदल्यात नुसतं कार्ड आलं तर तिथंच थांबा असा इशारा. आणि काहीच आलं नाही तर विषय संपला, एक शब्दही न बोलता. एलिझाबेथ गॅस्केल यांच्या 'क्रॅनफर्ड' या कादंबरीतल्या विधवा नि अविवाहित बायकांच्या चिमुकल्या गावातसुद्धा भेट तीन दिवसांच्या आत फेडायची आणि पाव तासाहून जास्त बसायचं नाही, असा दंडक आहे. पाव तासात कसलं बोलणं होणार? मनातलं बोलायला वेळच उरू नये एवढ्या बेतानंच ती मुदत बांधलेली आहे.

यावर पहिला आक्षेप असा येईल की हे सगळं ढोंग होतं आणि ढोंगाला साधन-बिधन म्हणून मोठं करण्यात अर्थ नाही. बाई वरच्या मजल्यावर कादंबरी वाचत बसलेली असायची आणि नोकर खाली ती घरी नाही म्हणून सांगायचा. पण खोटं बोलण्यात कोणीतरी फसावं लागतं. इथं दाराच्या दोन्ही बाजूंना खरं काय ते ठाऊक होतं. 'घरी नाहीत' याचा अर्थ 'आज भेटत नाहीत' एवढाच होता आणि त्यात कोणाचाही मान जात नव्हता. फार तर रोज दहा वेळा तेच वाक्य उच्चारावं लागणाऱ्या नोकराची गोष्ट वेगळी. त्याच्या मनाला काय वाटतं याची विचारपूस शिष्टाचार-पुस्तकांच्या कक्षेत येत नव्हती. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कार्डं जर भेटी टाळण्यासाठी होती तर त्याच समाजात एवढ्या मेजवान्या, एवढे नाच, एवढी जमवलेली लग्नं झाली कशी? झाली, आणि ती कार्डांतूनच झाली. पण ती झाली चाळणीतून गाळून. आधी कार्ड, मग पाव तासाची भेट, मग चहा, त्यानंतर कुठं जेवणाचं आमंत्रण. आणि प्रत्येक पायरीवर मागे फिरायला वाट मोकळी. गिरण्यांच्या आणि रेल्वेच्या पैशानं वर आलेली हजारो कुटुंबं लंडनच्या 'सीझन'मध्ये, म्हणजे मेजवान्या-नाचांच्या हंगामात, शिरू पाहत असताना त्यांतली कोणती आत घ्यायची हे ठरवायला अशी चाळणी लागणारच होती. समाजशास्त्रज्ञ लिओनोर डेव्हिडॉफ यांनी १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या 'द बेस्ट सर्कल्स' या पुस्तकात हे काम नीट उलगडून दाखवलं आहे. ते काम बायकांचं होतं. ज्यांना मताचा अधिकार नव्हता, लग्न झाल्यावर बराच काळ स्वतःच्या मालमत्तेवरही हक्क नव्हता, त्या बायका कोणतं घराणं वर चढेल आणि कोणतं दारातच अडेल हे ठरवत होत्या. म्हणून 'बायकांचा रिकामटेकडा उद्योग' म्हणून ही रीत उडवून लावणाऱ्या इतिहासकारांनी आपल्या पुराव्यांतला बराच भाग आपल्याच हातानं बाद केला.

अर्थात चाळणी म्हटली की मिरवणं आलंच. जेन ऑस्टिन यांच्या 'पर्स्वेजन' कादंबरीत कर्जबाजारी सर वॉल्टर इलियट बाथमध्ये राहायला येतात आणि डॅलरिम्पल या उमराव घराण्यातल्या नातलगांची कार्डं घरात जिथं जिथं नजर जाईल तिथं मांडून ठेवतात. हा विनोद वाचकाला समजावून सांगावा लागत नव्हता, कारण प्रत्येक घरच्या तबकात मोठ्या नावाचं कार्ड कसं कोण जाणे नेहमी वरच येई. दिवाणखान्यात वाट पाहणारा पाहुणा ते तबक हळूच चाळून पाहतो, हे यजमानांना ठाऊक होतं आणि यजमानांना ते ठाऊक आहे, हे पाहुण्यालाही.

ही रीत हिंदुस्थानात आली ती डोक्यावर उभी राहून. इंग्लंडमध्ये नव्यानं राहायला आलेल्या कुटुंबाकडे आधीच्या रहिवाशांनी कार्ड टाकायचं असे. इथल्या छावणीत नि सिव्हिल स्टेशनात नवख्यानं सर्वांकडे जायचं. बोटीवरून उतरलेला कोवळा अधिकारी भर दुपारी बारा ते दोनच्या उन्हात पूर्ण पोशाख, हातमोजे वगैरे चढवून बंगल्याबंगल्यांवर हिंडे. तिथं भेट टाळण्याची सोय आणखी उघड होती. बंगल्याच्या फाटकावर 'अमुक मेमसाहेब घरी नाहीत' असं रंगवलेली पत्र्याची पेटी टांगलेली असे. फटीतून कार्ड आत सोडायचं आणि टांगा पुढे हाकायचा. दार नाही, नोकर नाही, त्यामुळे खोटं बोलायलाही कोणी नाही. लंडनमध्ये जी गोष्ट नाटकासारखी वठवावी लागे ती पुण्याच्या किंवा महाबळेश्वरच्या फाटकावर एका पेटीनं भागवली. गव्हर्नरसाहेबांच्या बंगल्यावर तर कार्डही लागत नसे. मग तो मलबार हिलवरचा असो, पावसाळ्यातला गणेशखिंडीतला असो नाहीतर उन्हाळ्यातला महाबळेश्वरचा. दारातल्या वहीत नाव लिहून परतायचं. त्या वहीत नाव नसेल तर मेजवानीच्या यादीतही नाव नाही.

या देवघेवीत देशी माणूस जवळजवळ नव्हताच. भायखळा क्लबासारख्या संस्थांनी जी वेस घातली होती, तीच कार्डांच्या व्यवहारातही होती: पेटीत कार्ड टाकायचं ते गोऱ्यानं गोऱ्याकडे. कलेक्टरच्या बंगल्यावर गेलेल्या रावसाहेबांचं नाव आत जाई ते चपराशाच्या हातून, आणि चपराशाचा हात ओला केल्याखेरीज ते वेळेवर आत पोचेलच असं नसे. मग व्हरांड्यात ताटकळणं. इथं कार्डाला उलट कार्ड येत नसे. आहेर एकाच बाजूनं चालू होता. म्हणूनच की काय, इंग्रजी रिवाजानं कार्डावर जे लिहायला मनाई केली होती ते सगळं आपल्या लोकांनी हौसेनं लिहिलं: पदवी, हुद्दा, सरकारनं दिलेला किताब. ज्याला बरोबरीचं समजून कोणी आत घेणार नाही त्यानं आपली लायकी पुठ्ठ्यावर छापून दाखवली तर त्यात हसण्यासारखं काय आहे? आजही आपल्याकडच्या कार्डांवर पदव्यांची रांग लागलेली असते, ती त्याच व्हरांड्यातून आली असावी असा माझा तर्क आहे. तर्कच, ठाम विधान नव्हे.

कार्ड ज्यात ठेवायचं त्या डबीचं मात्र मुंबईशी खरंखुरं नातं आहे. शिराझहून सिंधमार्गे गुजरातेत आणि तिथून मुंबईत आलेलं 'सदेली' काम एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर युरोपात फार खपलं. हस्तिदंत, हिरवा रंगवलेला हस्तिदंत, काळं लाकूड, शिंग आणि कथलाची तार यांच्या बारीक, कोनदार कांड्या सरसानं एकत्र चिकटवून जुडी करायची, ती जुडी आडवी कापून कागदासारख्या चकत्या काढायच्या आणि त्या चंदनाच्या लाकडावर शेजारी शेजारी बसवायच्या. प्रत्येक चकतीत तीच चांदणी, तीच षट्कोनी फुली. अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत पंधरा-वीस तुकडे मोजता येतात. लेखनाच्या पेट्या आणि शिवणाच्या डब्यांबरोबरच भेटकार्डं ठेवायच्या चपट्या डब्याही या कामात घडल्या आणि 'बॉम्बे बॉक्स' या नावाखाली आजही लिलावात येतात. बर्मिंगहॅमच्या नॅथॅनिएल मिल्स यांच्या चांदीच्या डब्या, ज्यांच्यावर किल्ले आणि चर्च उठावात कोरलेले असतात, त्यांना संग्राहक अधिक मान देतात. कारागिरीच्या दृष्टीनं मुंबईची डबी कुठं कमी पडते हे मला समजलेलं नाही. घेणाऱ्यानं एक पथ्य मात्र पाळावं: हस्तिदंताच्या व्यापारावर भारतात कडक बंदी आहे आणि ब्रिटनमध्येही २०१८चा कायदा २०२२पासून लागू झाला आहे. डबी शंभर-दीडशे वर्षांची असली तरी कागदपत्रांशिवाय तिच्या वाटेला जाऊ नये.

कार्डाच्या आकारानं आणि नावानं दुसऱ्याच एका वस्तूनंही बाजार मांडला. पॅरिसच्या आंद्रे दिस्देरी यांनी १८५४ साली एकाच काचेवर अनेक लहान छायाचित्रं घ्यायची युक्ती पेटंट केली आणि भेटकार्डाच्या आकाराच्या पुठ्ठ्यावर चिकटवलेली ही छायाचित्रं जगभर पसरली. मुंबईत हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारख्या छायाचित्रकारांनीही ती काढली. जुन्या बाजारात आणि संकेतस्थळांवर या दोन्ही वस्तूंची सर्रास गल्लत होते. छायाचित्राचं कार्ड लोकांनी अल्बममध्ये लावायला एकमेकांना दिलं. दारात टाकायला ते फारसं वापरलं गेलं नाही. अमेरिकेत १८७०नंतर निघालेली रंगीत कार्डंही अशीच निराळी आहेत: फुलं, हात आणि कबुतरं छापलेला कागदाचा तुकडा उचलला की खाली नाव सापडतं. ती शाळकरी पोरांनी टपालानं मागवून एकमेकांत वाटली. गोजिरी आहेत आणि स्वस्तही, पण त्यांच्यावरून व्हिक्टोरियन रीतिरिवाजाबद्दल अनुमानं काढणं चुकीचं ठरेल.

आता संग्राहकांकडे. या छंदाची खरी आद्य म्हणावी अशी बाई म्हणजे सारा सोफिया बँक्स, निसर्गशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स यांची बहीण. १८१८ साली ती वारली तेव्हा तिच्याकडे भेटकार्डं, प्रवेशिका, दुकानांच्या जाहिराती असे हजारो किरकोळ कागद जमलेले होते. ते ब्रिटिश म्युझियमकडे गेले आणि आजही तिथं आहेत. पत्त्यांच्या पाठीवर हातानं लिहिलेली कार्डं त्यांत आहेत, रोमच्या भग्न देवळांची चित्रं कोरलेली इटालियन कार्डंही आहेत. बाईंनी ती देशांनुसार लावली आणि जमेल तिथं टिपणं केली. लोक त्यांच्या विक्षिप्तपणाला हसत. पण बाईंना जे सुचलं ते त्यांच्या काळात जवळजवळ कोणाला सुचलं नव्हतं: कागद ताजा असतानाच, म्हणजे इतरांच्या लेखी तो केर असतानाच, तो उचलायचा. मिलानच्या आकिले बेर्तारेल्ली यांनी इटालियन भेटकार्डांवर १९११ साली सहलेखकासह मोठा ग्रंथ काढला आणि आपला संग्रह शहराला दिला. इंग्लंडमध्ये १९७५ साली मॉरिस रिकर्ड्स यांनी 'इफेमेरा सोसायटी' स्थापन केल्यावर अशा टाकाऊ कागदांच्या अभ्यासाला रीतसर बैठक मिळाली. बाजार मात्र वेगळ्याच वाटेनं गेला. आज दर ठरतो तो दोन गोष्टींवर: नाव किती मोठं आणि कार्ड किती कोरं. डाग, घडी, पेन्सिलीचा मजकूर हे दोष. विक्रेते तर पेन्सिल खोडून कार्ड 'साफ' करतात.

हे सरळसरळ उफराटं आहे. कोरं, न दुमडलेलं, करकरीत कार्ड म्हणजे जे कधी कोणाच्या दारी गेलंच नाही ते. मालकाच्या मरणानंतर खणात उरलेल्या शंभराच्या खोक्यातलं ते एक. त्यावरून एवढंच कळतं की या नावाच्या माणसानं कार्डं कोरून घेतली होती. उलट कोपरा मोडलेलं, पाठीवर तारीख टिपलेलं कार्ड दारापर्यंत चालत गेलं आहे, आणि वर म्हटलं तसं या रीतीचा सगळा अर्थ त्या चालण्यात होता. इतिहासातलं सर्वांत महागात पडलेलं कार्ड पाहा. १८ फेब्रुवारी १८९५ रोजी क्वीन्सबेरीच्या उमरावानं लंडनच्या अल्बेमार्ल क्लबात ऑस्कर वाइल्ड यांच्यासाठी आपलं कार्ड ठेवलं. छापील बाजू इतर हजारो कार्डांसारखीच होती. पण त्यावर हातानं खरडलेल्या मजकुरात वाइल्ड यांच्यावर समलैंगिकतेचा आरोप होता आणि घाईत त्या शब्दाचं स्पेलिंगही चुकलं होतं. दरवानाला तो मजकूर नीट लागला नाही. पण मामला बरा दिसत नाही हे ओळखून त्यानं पाठीवर तारीख-वेळ टिपून कार्ड लिफाफ्यात घातलं. दहा दिवसांनी ते वाइल्ड यांच्या हाती पडलं, त्यांनी अब्रूनुकसानीचा दावा लावला, तो त्यांच्यावरच उलटला आणि मे महिन्यात त्यांना दोन वर्षं सक्तमजुरी झाली. ते कार्ड खटल्यातला पहिला पुरावा म्हणून दाखल झालं आणि आता लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. आजच्या बाजारी कसोट्यांवर ते 'खराब अवस्थेतलं, हस्ताक्षरानं डागाळलेलं' ठरलं असतं.

हे उदाहरण असामान्य आहे, त्यावरून नियम काढू नये, असं म्हणता येईल. मान्य. सामान्य कार्डावरच्या खुणा बहुतेक वेळा मुक्या असतात; कोपरा रिवाजानं दुमडला की नुसता खिशात चुरगळला हे एका कार्डावरून सांगता येत नाही. कोपऱ्यांच्या अर्थांवर पुस्तकांतच मेळ नसेल तर एकाकी घडीवर काय बोलणार? पण याचा निष्कर्ष घडीला किंमत नाही असा होत नाही. एकट्या कार्डाला किंमत नाही असा होतो. एका घरच्या तबकातली पन्नास कार्डं एकत्र असतील तर लगेच दिसतं: कोणाची तीन-तीनदा आली, कोणाची एकदाच, कोणाचं काळ्या किनारीचं, सांत्वनाची किती एकाच आठवड्यातली. तोच कोपरा वीस कार्डांवर त्याच दिशेनं दुमडलेला असेल तर तो चुरगळा नव्हे. म्हणजे या छंदातलं सर्वांत मोठं नुकसान डागानं होत नाही, वाटणीनं होतं. विक्रेता गठ्ठा फोडतो, दोन नामवंत कार्डं महागात विकतो आणि उरलेली मूठमूठ करून खपवतो. त्यालाही पोट आहे, आणि अनामिक पन्नास कार्डांना एकगठ्ठा गिऱ्हाईक मिळत नाही हे त्याचं म्हणणं खोटं नाही. गिऱ्हाईक बदलेपर्यंत तो बदलणार नाही, इतकंच.

नव्यानं या वाटेला येणाऱ्यानं हात बसवायचा तो पाठीवर. खरं कोरीव कार्ड असेल तर पुढून अक्षर उठलेलं आणि मागून त्याच जागी पुसटसा खोलगटपणा लागतो. पत्र्याच्या कडेची चौकटही कधी तिरप्या उजेडात दिसते. विसाव्या शतकात भुकटी तापवून उठाव आणायची स्वस्त युक्ती निघाली, तिची अक्षरं चकचकीत फुगतात पण पाठ सपाट राहते. जुन्या अल्बममध्ये खळीनं चिकटवलेली कार्डं पाण्यात भिजवून सुटी करण्याचा मोह आवरावा, शाई उतरते आणि पाठीवरचा मजकूर तर हमखास जातो. आपल्या दमट हवेत, विशेषतः कोकणपट्टीत, तपकिरी ठिपके आणि कसर हे दोन शत्रू. साध्या पीव्हीसीच्या पाकिटात कागद घामेजतो. पॉलिएस्टरची पाकिटं आणि आम्लविरहित पुठ्ठा बरा. आणि छायाचित्र काढताना दोन्ही बाजूंचं काढावं. मोठमोठ्या संग्रहांच्या ऑनलाइन सूचींतही पुष्कळदा दर्शनी बाजूच तेवढी दिसते, म्हणजे जी सगळ्यांची सारखी असते तीच. घरच्या ट्रंकेत पणजोबांच्या कागदांत असा गठ्ठा सापडलाच, तर तो सोडण्याआधी क्रम टिपून घ्यावा, आणि सर्वांत वर कोणाचं कार्ड होतं ते तर नक्कीच. वर ठेवणाऱ्यानं ते बहुधा मुद्दाम ठेवलेलं असतं.